सौदे पुकारणाऱ्याचा गळा

१० नोव्हेंबर

पोचले. येडशीला गाडी उगाचच थांबून राहिली, तेव्हा एक माकड माझ्या खिडकीशी येऊन बसलं. मी पुण्याहून आणलेलं सँडविच पुढं केलं, तर त्यानं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. या जिल्ह्यात मला भेटलेला पहिला चोखंदळ प्राणी. पुढच्या माणसांकडून एवढीही अपेक्षा नाही.

धाराशिवचं स्टेशन गावाच्या चांगलंच बाहेर आहे. ट्रस्टनं आमच्या केंद्रासाठी एक बंद पडलेलं मंगल कार्यालय घेतलंय. स्टेज तसंच आहे, मागच्या भिंतीवर प्लॅस्टरचे दोन मोर आहेत, त्यातल्या एकाला चोच नाही. वधूपक्षाच्या खोलीला आतून फोम लावून रेकॉर्डिंगची खोली केली आहे, पण दारावरची 'वधूपक्ष' ही पाटी कुणाला काढावीशी वाटलेली नाही. माझी राहायची सोय वर, वरपक्षात. केंद्रप्रमुख डॉ. शिवशरण यांनी शाल आणि नारळ देऊन स्वागत केलं आणि भाषणात मला 'पुण्याच्या विदुषी' म्हटलं. ऐकायला ते स्वतः, मी आणि केंद्राचं सगळं काम बघणारी शिवकन्या. तिनं केलेल्या चहात चमचा उभा राहिला असता.

तरी मी खूश आहे. काम माझं, यंत्रणा माझी, आणि लुडबूड करण्याइतकं ते समजणारं इथं कुणी नाही. बोलण्याच्या लायकीचं माणूस भेटेपर्यंत या वहीशी बोलायचं ठरवलंय.

१२ नोव्हेंबर

शिवकन्येनं विचारलं, हे मशीन पत्रिकापण बघतं का. मी तिला शांतपणे समजावलं. मेंदूकडून जिभेला, ओठांना, घशाला जाणारा हुकूम वाटेत बिघडला की बोलणं बिघडतं. त्याला डिसार्थ्रिया म्हणतात. कंपवातात आवाज विझत जातो, पक्षाघातात जीभ जड होते, काही आजारांत नसाच मरत जातात आणि त्याची पहिली चाहूल बोलण्यात लागते. डॉक्टर हे कानानं ऐकून अंदाज ठोकतात. कान हा अवयव म्हणून ठीक आहे, मोजमापाला भिकार.

माझा प्रोग्रॅम मोजतो. पेशंट एका श्वासात लांब 'आ' म्हणतो, मग 'पटक पटक पटक' जमेल तेवढ्या वेगानं, मग एक उतारा, मग दोन मिनिटं मनचं काही. आवाजाची थरथर, अक्षरांमधल्या फटी, नाकातून गळणारा वारा, सगळं मोजून प्रोग्रॅम सांगतो की दोष आहे की नाही, किती, आणि कुठल्या जागेचा. निरोगी असेल तर हिरवी पट्टी. माइक तपासायला रोज सकाळी मी माझाच आवाज देते. रोज हिरवी. त्यात नवल काय.

१५ नोव्हेंबर

पेशंट येऊ लागले. एक निवृत्त हेडमास्तर, कंपवात. मनचं बोला म्हटल्यावर त्यांनी कुजबुजत्या आवाजात झेंडावंदनाचं अख्खं भाषण दिलं. बाकी सगळे 'मनचं' म्हणजे सोयाबीनचं बोलतात. 'पटक पटक' म्हणताना बायका पदर तोंडाला लावून हसतात, मग माइकला पदराचाच आवाज जातो.

प्रोग्रॅमचा एकही निकाल चुकला नाही. डॉ. शिवशरण यांनी सोलापूरच्या एमआरआयशी ताडून पाहिलं आणि म्हणाले, कमाल आहे. कमाल त्यांना इतकं उशिरा कळण्याची आहे.

१९ नोव्हेंबर

आज सोनारीचा एकजण आला, रामकिसन. परंड्याच्या बाजारात एका आडत्याकडे सौदे पुकारतो. धान्याच्या एका ढिगावरून दुसऱ्यावर जात भाव ओरडायचे आणि व्यापारी मागं मागं फिरायचे, हा त्याचा जन्माचा धंदा. उंच, काटक, कडक इस्त्रीचा पायजमा. बोलणं मात्र ओल्या फडक्यानं फरशी पुसल्यासारखं. शब्दाचं टोक पुढच्या शब्दात सांडत होतं. तोंडाला आंबूस वास.

बरोबर बायको, सारजाबाई. तिनं मला बोलूच दिलं नाही. म्हणाली, "म्याडम, आमचे मालक असं बोलत न्हवते. लई चपळ जीभ हुती. लोकं सौदा न्हाई करायचा तरी ऐकाय यायची. दारूचा थेंब शिवल्याला न्हाई त्येंनी, काळभैरवाची आन." असल्या शपथा ऐकायला मी पीएचडी केली नाही. मी तिला बाहेर मोरांखाली बसवलं.

तो मात्र मन लावून बोलला. दोन मिनिटं त्यानं मला पुकारा कसा करतात ते सांगितलं. म्हणाला की श्वास घेतलेला समोरच्याला कळता कामा नये. श्वास दिसला की व्यापारी विचार करायला लागतो, आणि व्यापाऱ्यानं विचार केला की शेतकरी मेला. हे सांगताना त्याची लाळ दोनदा गळली. ती त्यानं रुमालानं टिपली आणि माझ्याकडे न बघता माफी मागितली.

निकाल: निरोगी. हिरवी पट्टी.

२१ नोव्हेंबर

डॉ. शिवशरण यांना भलत्याच वेळी डॉक्टर असल्याची आठवण झाली. म्हणाले, रामकिसनच्या जिभेच्या कडेला काहीतरी वळवळल्यासारखं दिसलं, सोलापूरला नसांची तपासणी करून घेऊ या का. मी विचारलं, किती वळवळलं? मोजलंत? जेवण झाल्यावर ते कशावरही सही करतात, तेव्हा रिपोर्ट पुढं सरकवला. 'वाणीदोष आढळला नाही. मद्यपानाची शक्यता तपासावी.' दुसरं वाक्य माझं. तो वास मी घेतला होता.

२ डिसेंबर

शिवकन्येकडून कळलं की सारजाबाईचा फोन आला होता. आडत्यानं तो रिपोर्ट वाचून रामकिसनला कामावरून काढलं. आता बाजारात पोरं त्याच्या मागून जीभ बाहेर काढून पुकारे करत चालतात. शिवकन्या हे सांगताना माझ्याकडे अशी बघत होती, जणू पोरांना मीच शिकवून पाठवलं. माझा नंबर कुणालाही द्यायचा नाही, असं तिला बजावलं.

१४ डिसेंबर

रामकिसन गेला. जेवताना घास श्वासनलिकेत अडकला. गिळण्याच्या नसाही गेल्या असणार, त्या जिभेबरोबरच जातात. तोंडाचा आंबूस वासही साठलेल्या लाळेचाच असणार. वाईट वाटलं असं लिहायला हवं, म्हणून लिहिते.

चूक शोधून काढली. प्रोग्रॅमनं त्याचा वेग सर्वसाधारण माणसांशी ताडला. हा मुळात इतका भरधाव बोलणारा की निम्म्यावर घसरला तेव्हा कुठं चारचौघांच्या पातळीवर आला, आणि तिथं हिरवी पट्टी होती. फार सुंदर उदाहरण आहे. यावर स्वतंत्र निबंध होईल.

डॉ. शिवशरण आज जेवले नाहीत. मोरांसमोर खुर्ची टाकून बसून होते. भावनाप्रधान माणसं.

२० डिसेंबर

सारजाबाई आली. भांडायला आली असेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती, पण ती भांडली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "फोटू लई हायती बाई, पर आवाज न्हाई कुठं. पुकारा रोजचाच हुता, कुणी कशाला भरून ठिवतंय? तुमच्या मशीनीत हाय त्येवढाच. त्यो द्या."

मी नियम सांगितला. रेकॉर्डिंग प्रकल्पाच्या मालकीचं असतं, पेशंटच्या घरच्यांना देता येत नाही. खरं तर डॉक्टरांना विचारलं असतं तर पाच मिनिटांत देता आलं असतं. पण एकदा दिलं की रोज कुणीतरी येणार. शिवाय त्या आवाजावरच माझा निबंध उभा राहायचा होता.

ती म्हणाली, "तुमाला त्यो दारुड्याचाच वाटला न्हवं? मंग ठिवून काय करनार?"

मी म्हटलं, तुम्हाला ते समजायचं नाही.

स्टेजच्या कडेला बसून तिनं बसचे पैसे मोजले. मग उठून माझ्याजवळ आली आणि ताप बघावा तसा तळवा माझ्या गळ्यावर ठेवला. खरबरीत, गार हात. "बरं. असू द्या तुमच्यापाशी," म्हणाली, "सांभाळा." आणि बस गाठायला निघून गेली.

मी साबणानं मान धुतली.

२३ डिसेंबर

घसा बसलाय. इथली धूळ. सकाळी माइक तपासला, हिरवी पट्टी. शिवकन्येला एकच वाक्य दोनदा सांगावं लागलं, पण तिला कुठलंही वाक्य दोनदाच सांगावं लागतं.

२७ डिसेंबर

सर्दी नाही. 'स' म्हणताना जीभ दाताला पोचत नाही, आधीच आडवी होते. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तर त्यानं हवा हुंगली आणि मित्राला डोळा मारला. मला! ज्या माणसाला स्वतःच्या रिक्षामागचं वाक्य शुद्ध लिहिता येत नाही, त्यानं.

दुपारी डॉ. शिवशरण हळूच म्हणाले की ताण असेल तर मोकळेपणानं सांगा, घेण्याची सवय अनेकांना लागते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी त्यांना माझी पट्टी दाखवली. हिरवी. ते पट्टीकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे. ती नजर मला ओळखीची वाटली. आवडली नाही.

३० डिसेंबर

आज हेडफोन लावून माझंच सकाळचं रेकॉर्डिंग ऐकलं. इतके दिवस मी नुसती पट्टी बघत होते, ऐकलंच नव्हतं.

तो माझा आवाज नाही. पुरुषाचा आहे. जाड, ओला, शब्दांची टोकं सांडणारा. आलेखही पुरुषाच्या गळ्याचा. खाली माझं नाव, तारीख, आणि निरोगी.

रामकिसनची फाइल उघडली. त्यात माझे प्रश्न आहेत. 'मोठ्यानं बोला.' 'पुन्हा म्हणा.' 'लाळ पुसा आधी.' आणि त्याच्या उत्तरांच्या जागी काही नाही. खरखरही नाही. माझा आवाज स्वच्छ, टोकदार. इतका उद्धट होता? छान होता. परत परत ऐकला.

१ जानेवारी

आईला फोन केला. तिनं ऐकलं आणि विचारलं, कोण बोलतंय? अर्पिताचा फोन तुमच्याकडे कसा? मी म्हटलं, आई, मीच. ती ओरडली की दारू पिऊन बायकांना फोन करता, लाज वाटत नाही, पोलिसांत देईन. फोन आपटला.

मग मी मेसेज केला की मी ठीक आहे, घसा बसलाय. तिनं लगेच फोन केला. मी उचलला नाही. पुन्हा केला. पुन्हा. शेवटी तिचा मेसेज आला: 'तू खरंच अर्पिता असशील तर बोल.'

४ जानेवारी

सोलापूर. नसांची तपासणी, जिभेत सुया, एमआरआय. सगळं स्वच्छ. डॉक्टर माझ्याहून लहान असावा. त्यानं विचारलं, हा आवाज तुम्ही कधीपासून काढता? काढता! मी कागदावर लिहून दिलं की मी काढत नाही, तो येतो. त्यानं ते वाचून मान हलवली, जशी मी हलवते. मग खात्रीसाठी त्यानं एक नवीन प्रोग्रॅम लावला. माझाच. त्याला ते माहीत नव्हतं. मोठ्या कौतुकानं त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि हिरवी पट्टी दाखवली.

चिठ्ठीवर लिहिलंय: 'शारीरिक दोष नाही. मानसिक कारण शोधावे.' अक्षर भिकार आहे.

६ जानेवारी

सोनारीला चालले आहे. दुसरं काय करू? लॅपटॉप बरोबर घेतलाय. फाइल रिकामी आहे, माहीत आहे, पण देते म्हणून तरी सांगेन. पाया पडायचं असेल तर पडेन. एका अडाणी बाईच्या पाया — असो.

परंड्याच्या एसटीत कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं. मी लिहिलेला कागद काढत होते, तेवढ्यात तोंडानंच सांगितलं, सोनारी. पुढच्या सीटवर एक म्हातारा पाठमोरा बसला होता. वळून न बघताच म्हणाला, "रामकिसन, ये की, हितं जागा हाय." मग त्याला काहीतरी आठवलं असावं. तो वळला. मला बघून त्याचा हात हळूहळू टोपीकडे गेला. पुढच्या थांब्यावर तो उतरला. त्याचं गाव तिथं नव्हतं, कंडक्टर त्याला तसं ओरडून सांगत होता.

६ जानेवारी, सोनारी

काळभैरवाच्या देवळामागं घर. दार सारजाबाईनंच उघडलं. मी म्हणणार होते, तुमचं तुम्ही परत घ्या. म्हटलंही. पण तोंडातून आलं ते — तिनं ते ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. मी थांबले तर म्हणाली, "आजून." मग माझ्या पायांवर तांब्यानं पाणी घातलं.

"आलाव व्हय, मालक," म्हणाली.

लॅपटॉपकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. भाकरी कुस्करून दुधात भिजवली, आणि अगदी लहान लहान घास. भरवताना तिचा दुसरा हात माझ्या पाठीवर होता. मी रडले. रडण्याचा आवाजही त्याचाच.

७ जानेवारी

लोक येतायत. अंगणात बसतात, ऐकतात. आज सकाळी पुकारा आपोआप सुरू झाला. तूर, सोयाबीन, उडीद. आवाज सुधारलाय — जड नाही, ओला नाही, भरधाव. श्वास कुठं घेतो ते मलाही कळत नाही. छाती माझी आहे, आणि मला कळत नाही. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. एक बाई हसत हसत रडत होती. माझ्या व्याख्यानांना कधी एवढे श्रोते — मूर्ख. सगळे मूर्ख.

निघायचा प्रयत्न केला. कुणी अडवत नाही. दार उघडंच आहे. उंबऱ्याशी गेले की तोंड म्हणतं, "बसतो की गं, घाई काय हाय." आणि सारजाबाई पाट सरकवते. आणि पाय —

माझी जीभ दमते. तो दमत नाही.

८ जानेवारी

आईचा मेसेज. धाराशिवला येते आहे. शिवकन्येशी बोलली म्हणे. मग फोन. मी उचलला — हातानं मी, फक्त हातानं. आई, मी सोनारीला, देवळामागं — एवढंच सांगायचं होतं. तोंड गोड आवाजात म्हणालं, "चुकून लागला बगा, बाई. हितं अर्पिता कुणी न्हाई."

आई म्हणाली, माफ करा.

आईनं माफी मागितली त्याची.

लिहून पाठवायला घेतलं तर फोन सारजाबाईनं उचलून कोनाड्यात ठेवला. रागानं नाही. म्हणाली, "मालकाला कवा फोनचा नाद हुता?"

९ जानेवारी

वही अजून आहे. पदराखाली धरून लिहिते. तोंड सकाळपासून तिच्याशी बोलतंय — शेताचं, पोरीच्या सासरचं — मला माहीत नसलेलं सगळं त्याला — ती हसते. नवी लुगडी घेतल्यासारखी हसते. हसू दे. हात माझा आहे. अक्षर माझं आहे, पुण्याचं, सुवाच्य —

ती आली. वही पाहिली. चिडली नाही. जवळ बसली.

"ह्ये काय, मालक?" म्हणाली, "तुमाला कवा लिव्हाय येत हुतं?"

तोंड म्हणालं, "न्हाई की गं."

दोघं हसली. दोघं. मी अर्पिता. मी लिहिते आहे. मला लिहिता येतं, मी पीएच — करंगळी सुटली. पेन धरलंय, घट्ट — मधलं बोट — सुटतायत, एकेक — अंगठा तेवढा